बूटपीटॅबपासून कीआपर्यंत : शाळेच्या नेटवर्क बूटच्या नोंदी

५ जुलै २०२५

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली आमची शाळा. दोन कंप्युटर लॅब, एक ऑफिस, आणि ऑफिसमागच्या खोलीत जुने सर्व्हर. लॅबमधल्या बहुतेक मशीनना हार्ड डिस्क नाही. चालू केलं की ती नेटवर्कवर विचारतात : माझा पत्ता कोणता, आणि सुरू व्हायची फाइल कुठं आहे? सर्व्हर दोन्ही सांगतो, मशीन टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ओढून घेतं आणि मुलांसमोर पडदा उजळतो. एका मशीनची डिस्क गेली म्हणून एका मुलाचा तास बुडाला, असं या पद्धतीत होत नाही. म्हणून ती टिकवायची आहे.

उत्तरं देणारे सर्व्हर मात्र दोन आणि दोघांच्या फाइली वेगळ्या. ऑफिसात प्रिंटर आणि काही जुनी टर्मिनलं आहेत, त्यांना बूटपी या पत्ता वाटण्याच्या जुन्या पद्धतीचा सर्व्हर उत्तर देतो. त्याची फाइल बूटपीटॅब. दोन्ही लॅबना आयएससी या संस्थेचा डीएचसीपीडी, म्हणजे बूटपीच्या पुढच्या डीएचसीपी पद्धतीचा सर्व्हर, उत्तर देतो. आयएससीने त्या सर्व्हरची देखभाल २०२२ च्या अखेरीस थांबवली, ऑक्टोबर २०२२ ची ४.४.३-पी१ ही शेवटची आवृत्ती. त्यांनी पुढे केलेला पर्याय म्हणजे त्यांचाच नवा सर्व्हर, कीआ. सुरक्षेतली एखादी फट उद्या निघाली तर जुन्यासाठी ठिगळ कुठून येणार? शिवाय मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम यंदा आलेल्यांत यूईएफआय जातीचा आहे, जुन्यांत बायोस, आणि दोघांना वेगवेगळी बूट फाइल लागते.

दोन्ही जुन्या फाइली एका कीआत आणायच्या. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, यंदा २७ ऑगस्टला. सुट्टीआधी नवी मांडणी मुलांच्या हाताखालून जायला हवी, म्हणजे काही राहिलं असेल तर तेव्हाच कळेल.

नवा सर्व्हर डेबियनवर उभा केला. कीआचं पॅकेज आयएससीच्या स्वतःच्या भांडारातून घेतलं, २.६ मालिकेतलं.

८ जुलै

आज फक्त बूटपीटॅब वाचली. तीन-चार पानं छापून, पेन्सिल घेऊन.

बूटपी १९८५ चा, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ९५१. डीएचसीपी १९९३ मध्ये आला आणि १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्ये स्थिरावला, पण पाकिटाचा साचा त्यानं बूटपीचाच ठेवला. तीच ६७ आणि ६८ पोर्ट, सर्व्हरच्या नावाला तीच ६४ बाइटची जागा, बूट फाइलच्या नावाला तीच १२८ बाइटची. त्यामुळे इतक्या जुन्या फाइलीतली प्रत्येक खूण कीआत कुठं जाऊन बसेल ते बोट ठेवून दाखवता येतं. मला याचं फार बरं वाटलं. चाळीस वर्षांपूर्वी आखलेला साचा आज आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी वापरला जातो.

फाइलीची घडण अशी : एका यंत्राची एक नोंद, तुकडे विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी तोडलेले, ओळ पुरली नाही तर शेवटी उलटी तिरकी रेघ. दोन अक्षरी खुणा. ‘एचए’ म्हणजे यंत्राचा हार्डवेअर पत्ता, ‘आयपी’ म्हणजे त्याला द्यायचा पत्ता, ‘एसएम’ सबनेट मास्क (नेटवर्कच्या आपल्या तुकड्याची, सबनेटची, हद्द), ‘जीडब्ल्यू’ गेटवे (त्या तुकड्याबाहेर जायची वाट), ‘डीएस’ डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा), ‘एसए’ टीएफटीपी सर्व्हर. बूट फाइल दोन खुणांत वाटलेली : ‘एचडी’मध्ये फोल्डर, ‘बीएफ’मध्ये नाव. कीआत ‘बूट-फाइल-नेम’ एकच, तेव्हा ही दोन जोडून पूर्ण वाट लिहायची. जोडताना टीएफटीपीचा मूळ फोल्डर कोणता हे पाहावं लागतं, नाहीतर वाट दुप्पट होते.

आणि ‘टीसी’. सगळ्यांत जपून वाचायची खूण ही. ‘टीसी’ म्हणजे बाकीचं अमुक साच्यातून घे. साच्याचं नाव टिंबाने सुरू होतं, त्यात मास्क, गेटवे, डीएनएस एकदाच लिहिलेले, आणि पुढच्या सगळ्या नोंदी त्याच्याकडे बोट दाखवतात. आमच्या फाइलीत साच्याच्या आत आणखी एक साचा आहे. नोंद दिसायला दोन खुणांची, पण तिच्यामागे दहा-बारा किमती उभ्या.

पेन्सिलीने प्रत्येक नोंदीपुढे लिहीत गेलो, कुठली किंमत स्वतःची आणि कुठली साच्याची.

१२ जुलै

एका प्रिंटरच्या नोंदीत ‘जीडब्ल्यू@’ असं आहे. पुढे बरोबरचं चिन्ह नाही, पत्ता नाही.

‘@’ म्हणजे साच्यातून आलेली ही किंमत या नोंदीपुरती काढून टाक. टर्मकॅप या टर्मिनलांच्या जुन्या वर्णन फाइलीत हीच पद्धत होती. म्हणजे या एकाच प्रिंटरला गेटवे द्यायचा नाही, असं कुणीतरी ठरवून लिहिलेलं. का, ते फाइलीत नाही.

आमचे आधीचे कंप्युटरचे सर निवृत्त होऊन साखळीला राहतात. त्यांना फोन लावला.

“सर, जुन्या फाइलीत एका प्रिंटरचा गेटवे काढलेला दिसतो. राहून गेलाय की मुद्दाम?”

“मुद्दाम रे. तो परीक्षेचा प्रिंटर. प्रश्नपत्रिका त्याच्यावर निघायच्या. लॅबमधून त्याच्यापर्यंत कुणी पोचता कामा नये म्हणून काढला होता मी.”

“आता स्विचवरच अडवू शकतो आपण.”

“अडव की. पण हेही ठेव. स्विच उद्या बदलतील, तेव्हा तुझा तो नियम कुणाच्या लक्षात राहणार आहे?”

गेटवे नसलेलं यंत्र आपल्या सबनेटबाहेरच्या कुणाला उत्तरच देऊ शकत नाही. लॅबचं सबनेट वेगळं, म्हणून तिथून छपाई होत नाही. एका चिन्हात केवढा विचार! बूटपीटॅब वाचणाऱ्या घाईच्या स्क्रिप्टला ‘@’ कळलं नाही तर ती साच्यातला गेटवे आणून जोडेल, प्रिंटर पहिल्याहून ‘चांगला’ चालेल, आणि परीक्षेच्या आठवड्यापर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही.

सरांचं म्हणणं मानलं. स्विचवर नियम लिहिणार, आणि कीआतही त्या प्रिंटरच्या रिझर्वेशनमध्ये (त्याच्यापुरत्या राखीव नोंदीत) राउटरच्या, म्हणजे गेटवेच्या, ऑप्शनला ‘नेव्हर-सेंड’ लावणार. सबनेटवर गेटवे लिहिलेला असला तरी या एका यंत्राला तो जाणार नाही. शेजारी टिप्पणी मराठीत लिहिली : परीक्षेचा प्रिंटर, गेटवे देऊ नये, लॅबपासून वेगळा ठेवायचा आहे. कीआची फाइल जेसॉन या साच्यातली असली तरी तो टिप्पण्या चालवून घेतो, ही फार मोठी सोय.

१९ जुलै

बूटपीटॅबसाठी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली : साचे उलगडणं, ‘@’ मानणं, आणि प्रत्येक किमतीपुढे ती कुठून आली ते छापणं. जेसॉन हातानेच लिहिलं, स्क्रिप्टचा उपयोग पडताळ्यासाठी.

डीएचसीपीडीच्या फाइलीला आयएससीचं स्वतःचं साधन आहे, कीआ मायग्रेशन असिस्टंट. ते चालवलं. सबनेट, पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा), वेळा, साधे ऑप्शन त्यानं नीट उतरवले. जे जमत नाही ते टिप्पणीत ठेवून पुढे जातं, आणि हे मला आवडलं. गुपचूप गाळत नाही. आमच्या फाइलीत अशा तीन प्रकारच्या जागा निघाल्या.

पहिली : काही यंत्रांच्या ‘फिक्स्ड-अ‍ॅड्रेस’पुढे आकड्यांऐवजी नाव लिहिलेलं. डीएचसीपीडी ते नाव डीएनएसमधून सोडवून घ्यायचा. कीआच्या रिझर्वेशनला खराखुरा पत्ता लागतो. नावं सोडवून पत्ते लिहिले.

दुसरी : प्रोजेक्टरला जोडलेलं फिरतं मशीन. ते आज या लॅबमध्ये तर उद्या त्या लॅबमध्ये. जुन्या फाइलीत त्याला दोन पत्ते एकाच नोंदीत होते, आणि ज्या सबनेटवरून हाक येईल त्यातला पत्ता डीएचसीपीडी द्यायचा. तिथं यंत्राची नोंद कुठेही लिहिली तरी ती सगळ्या फाइलीला लागू होती. कीआत रिझर्वेशन आम्ही सबनेटच्या पोटात लिहितो आहोत, म्हणून त्या मशीनला दोन सबनेटमध्ये दोन रिझर्वेशनं. स्विचवरचा रिले (विनंती सर्व्हरपर्यंत पोचवणारा) पाकिटात आपला पत्ता भरतो, त्यावरून कीआ सबनेट ओळखतो.

तिसरी जागा म्हणजे ग्रुप. तिच्यावर वेगळा दिवस घालवावा लागणार.

पत्ते एकही बदलायचा नाही, हे आजच ठरवून टाकलं. बायोसच्या मशीनवर आधी उतरणारा बूट प्रोग्राम पीएक्सईलिनक्स आपली मेन्यू फाइल शोधताना हार्डवेअर पत्त्याच्या नावाने शोधतो, मग आयपी पत्त्याच्या सोळाच्या पायातल्या रूपाने. १९२.१६८.१०.२१ चं रूप सी०ए८०ए१५. ती नसेल तर शेवटून एकेक अक्षर कमी करत जातो, आणि सरतेशेवटी ‘डिफॉल्ट’. आमच्याकडे मागच्या रांगेतल्या कमी मेमरीच्या मशीनना अशाच नावांच्या फाइली आहेत. पत्ता हलला की मशीन दुसऱ्याच मेन्यूवर जाणार.

२६ जुलै

ग्रुपचा दिवस. पाऊस असा की छपरावरच्या पत्र्यांच्या आवाजात फॅनचा आवाज ऐकू येत नव्हता.

जुन्या फाइलीत लॅबची मशीनं दोन ग्रुपांत आहेत. एका ग्रुपच्या डोक्यावर बायोससाठीची बूट फाइल, दुसऱ्याच्या डोक्यावर यूईएफआयसाठीची, ग्रब या बूट प्रोग्रामची. खाली यंत्रांच्या नोंदी. कीआत ग्रुप नावाची गोष्ट नाही. सरळ सुचणारी वाट अशी की ग्रुपच्या डोक्यावरची किंमत खालच्या प्रत्येक रिझर्वेशनमध्ये उतरवायची. फाइल लांब होईल, पण चालेल, असं वाटतं.

चालत नाही, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. कीआत ‘बूट-फाइल-नेम’ आणि ‘नेक्स्ट-सर्व्हर’ (टीएफटीपी सर्व्हरचा पत्ता) वेगवेगळ्या पातळ्यांवर लिहिता येतात : संपूर्ण फाइलीसाठी, सबनेटवर, क्लायंट-क्लासवर (विनंती पाहून ठरणाऱ्या यंत्रांच्या वर्गावर) आणि रिझर्वेशनमध्ये. सबनेट संपूर्ण फाइलीवर मात करतं, क्लास सबनेटवर, आणि रिझर्वेशन सगळ्यांवर. प्रत्येक रिझर्वेशनमध्ये बायोसची फाइल लिहून ठेवली, तर पुढे क्लास कितीही नीट लिहिला तरी त्याचं ऐकायला कुणी उरत नाही.

बाजूच्या टेबलावर एक सुटा स्विच, कीआ, एक बायोसचं मशीन आणि एक यूईएफआयचं असं मांडून बघितलं. यूईएफआयच्या मशीनच्या रिझर्वेशनमध्ये बायोसची फाइल लिहिली, क्लासमध्ये ग्रबची. टीसीपीडम्प या पाकिटं दाखवणाऱ्या साधनात स्पष्ट दिसलं : मशीन ऑप्शन ९३ मध्ये, म्हणजे आपली जात सांगायच्या जागेत, ७ सांगतंय, म्हणजे ६४ बिटचं यूईएफआय, कीआ त्याला क्लासमध्ये घालतोय, लॉगमध्ये तसं लिहितोयही, आणि उत्तराच्या पाकिटात मात्र बायोसचंच नाव. मशीनने ती फाइल इमानदारीने ओढून घेतली आणि पुढे काही झालं नाही. रिझर्वेशनमधली ती एक ओळ काढली, कीआ पुन्हा वाचायला लावला, मशीन ग्रबच्या मेन्यूवर आलं.

मग मांडणी अशी ठरली. रिझर्वेशनमध्ये फक्त हार्डवेअर पत्ता, आयपी पत्ता आणि यंत्राचं नाव. बूट फाइल क्लासवर. ऑप्शन ९३ ची किंमत ० असेल तर बायोस. ७ असेल तर यूईएफआय. काही यूईएफआय मशीनं ९ सांगतात, म्हणून नियमात ७ किंवा ९. ऑप्शन ९३ आरएफसी ४५७८ मधला, २००६ चा.

जुन्या फाइलीत कुठलं मशीन कुठल्या जातीचं हे माणसाने ठरवून ग्रुपात टाकलेलं होतं, कारण ती लिहिली तेव्हा लॅबमध्ये एकच जात होती आणि दुसरी हळूहळू आली. आता मशीन ते स्वतः सांगतं. जे यंत्र प्रत्येक वेळी स्वतः सांगतं, ते आपण फाइलीत लिहून ठेवणं म्हणजे जुनं होणारं ज्ञान साठवणं. मदरबोर्ड बदलला, हार्डवेअर पत्ता दुरुस्त केला, ग्रुप बदलायचा राहिला, असं लॅबमध्ये होतच असतं. आता हार्डवेअर पत्ता बदलला की पुरे.

परीक्षेच्या प्रिंटरचा गेटवे मात्र कुठलंही यंत्र स्वतः सांगणार नाही. तो माणसाचा निर्णय, तो रिझर्वेशनमध्येच हवा. रूपांतराचं खरं काम हेच, असं मला आज वाटतं : प्रत्येक किमतीला तिची पातळी शोधून देणं. व्याकरण बदलायचं काम साधनं करतात.

३ ऑगस्ट

रविवार. शाळा रिकामी, म्हणून प्रिंटरांचं काम काढलं. लॅबची उघडझाप बघणारे भाई सकाळीच येऊन लॅब उघडून गेले. पावसाळ्यात ते सुट्टीच्या दिवशीही मशीनं तासभर चालू ठेवतात, नाहीतर आतल्या दमटपणाने पट्ट्यांवर हिरवं चढतं.

प्रिंटरांत जुनी जेटडायरेक्ट नेटवर्क कार्डं आहेत. त्यातली काही फक्त बूटपी बोलतात. कीआ मुळात डीएचसीपीचा सर्व्हर, बूटपीच्या विनंत्या तो सोडून देतो. त्यासाठी बूटपीची हुक लायब्ररी (कीआला लावायचा जोड भाग) फाइलीत जोडावी लागते. ती जोडली की अशा विनंत्या ‘बूटपी’ नावाच्या क्लासमध्ये येतात. बूटपीत मुदत ही कल्पनाच नाही, दिलेला पत्ता कायमचा. म्हणून या यंत्रांना पूलमधून पत्ता द्यायचाच नाही, सगळ्यांना रिझर्वेशन, असं ठरवलं. नाहीतर पूलमधला एकेक पत्ता अडकून बसेल.

पत्ता मिळाला, पण प्रिंटरची बाकीची सेटिंगं येईनात. जुन्या नोंदीत ‘टी१४४’ अशी खूण आहे. ‘टी’ आणि आकडा म्हणजे नाव नसलेला ऑप्शन थेट क्रमांकाने. जेटडायरेक्ट कार्ड १४४ मध्ये आपल्या सेटिंगच्या फाइलीची वाट बघतं, ती टीएफटीपीने ओढतं आणि त्यातून कुणाला छपाईची परवानगी आहे ते वाचतं. क्रमांकांच्या अधिकृत यादीत १४४ पुढे भौगोलिक स्थानाच्या ऑप्शनला दिला गेला, पण कार्डांना ते माहीत असायचं कारण नाही. कीआत ‘ऑप्शन-डेफ’ लिहून १४४ हा मजकुराचा ऑप्शन आहे असं सांगितलं आणि रिझर्वेशनमध्ये वाट लिहिली.

तरी पाकिटात १४४ नाही.

कारण कीआच्या स्वभावात आहे. क्लायंट विनंतीत मागतो तेवढेच ऑप्शन कीआ देतो. मोजके मूलभूत सोडून बाकीचे न मागता जात नाहीत. बूटपीच्या काळात मागण्याची यादीच नव्हती, सर्व्हर जे देईल ते यंत्र घेई. तेव्हा बूटपी यंत्राला लागणाऱ्या अशा प्रत्येक ऑप्शनपुढे ‘ऑल्वेज-सेंड’ लिहावं लागतं. लिहिलं, प्रिंटर बंद करून चालू केला, टीएफटीपीच्या लॉगमध्ये सेटिंगच्या फाइलीची मागणी दिसली. चाचणीचं पान छापून घेतलं : पत्ता, मास्क, सेटिंगची फाइल, सगळं जागेवर, आणि परीक्षेच्या प्रिंटरच्या पानावर गेटवेची जागा मोकळी.

बूटपीतून येणाऱ्या कुणालाही हे काम करायचं असेल तर मी पहिल्यांदा ‘ऑल्वेज-सेंड’ची गोष्ट सांगेन. फाइल तपासणीत उत्तीर्ण होते, सर्व्हर तक्रार करत नाही, यंत्राला पत्ताही मिळतो. बिघाड फक्त यंत्रापाशी उभं राहिल्यावर दिसतो.

९ ऑगस्ट

वीज गेली, आली, पुन्हा गेली. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे नेहमीचं. यातूनच एक गोष्ट तपासता आली.

वीज परत आली की सर्व्हर आणि स्विच एकदम उठतात. कीआ सुरू होताना इंटरफेसवर सॉकेट उघडतो. स्विच अजून उठत असेल आणि इंटरफेस तयार नसेल तर ते जमत नाही, आणि कीआ चालू असूनही कुणाचं ऐकत नाही. यासाठी सॉकेट पुन्हा पुन्हा उघडून बघण्याची दोन सेटिंगं आहेत, किती वेळा आणि किती मिलिसेकंदांनी. दोन्ही भरली.

दुसरी बाजू मशीनची. पीएक्सई, म्हणजे मशीनमधला नेटवर्कवरून बूट करणारा भाग, हाक मारून ४, ८, १६, ३२ सेकंद थांबतो, म्हणजे मिनिटभरात आशा सोडतो. स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग-ट्री (स्विचांमधली वेटोळी टाळायची व्यवस्था) जुन्या पद्धतीने चालू असेल तर पोर्ट उघडायला तीस सेकंद जातात. लॅबच्या पोर्टांवर ते थांबणं काढून टाकलं, कारण तिथं फक्त मशीनंच जोडलेली आहेत.

कुणी म्हणेल हे रूपांतराचं काम नव्हे. पण उन्हाळ्यात, वीज असताना चाललेली फाइल गोव्यात निम्मीच तपासलेली असते.

१७ ऑगस्ट

आज बदल केला, रविवार पाहून.

आठवडाभर आधी डीएचसीपीडीची मुदत दहा मिनिटांवर आणून ठेवली होती, म्हणजे जुन्या सर्व्हरने दिलेले पत्ते फार काळ कुणाकडे अडकणार नाहीत. क्रम असा ठेवला : कीआची फाइल ‘-टी’ने तपासली, जुने दोन्ही सर्व्हर थांबवले आणि बूट होताना आपोआप सुरू होणार नाहीत असे बंद केले, स्विचवरच्या रिलेचा पत्ता बदलला, कीआ सुरू केला. प्रत्येक सबनेटला ओळख क्रमांक हाताने लिहिलेला आहे. कीआच्या मुदतींच्या नोंदी त्या क्रमांकाला बांधलेल्या असतात, म्हणून पुढे फाइलीत सबनेटांचा क्रम बदलला तरी क्रमांक बदलायचे नाहीत. तशी टिप्पणी वर लिहिली आहे.

आधी ऑफिस, मग पहिली लॅब, मग दुसरी. भाई एका टोकाकडून मशीनं चालू करत गेले, मी लॉग बघत होतो. बायोसची पीएक्सईलिनक्सवर, यूईएफआयची ग्रबवर. मागच्या रांगेतली कमी मेमरीची मशीनं आपापल्या मेन्यूवर. फिरतं मशीन दोन्ही लॅबमध्ये नेऊन बघितलं, दोन्हीकडे ठरलेला पत्ता.

लॅबमधून परीक्षेच्या प्रिंटरवर छपाई करून बघितली, स्विचवरचा नियम थोडा वेळ काढून. पोचली नाही. नियम परत घातला. संध्याकाळी सरांना फोन करून सांगितलं. “बरं केलंस,” म्हणाले, आणि जुनी टर्मिनलं अजून चालतात का ते विचारलं. चालतात.

२३ ऑगस्ट

आठवडाभर तास नेहमीसारखे झाले.

जुनी बूटपीटॅब, डीएचसीपीडीची फाइल आणि नवी जेसॉन, तिन्ही गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवल्या, त्याच क्रमाने. नव्या फाइलीत प्रत्येक वेगळ्या निर्णयाशेजारी मराठी टिप्पणी आहे, आणि तो निर्णय जुन्या फाइलीतल्या कुठल्या ओळीतून आला तेही. छापलेली, पेन्सिलीने भरलेली पानं ऑफिसच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

राहिलेलं काम : ऑफिसातल्या एका टर्मिनलची नोंद जुन्या फाइलीत आहे, पण ते यंत्र शाळेत सापडत नाही. नोंद टिप्पणीत टाकून ठेवली आहे, काढलेली नाही. चवथीनंतर वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली उघडणार आहेत, तिथं बघायचं.